न्यूटनचा पहिला नियम सर्वानुमते मंजूर

माणसानं स्वतःचा अभ्यास स्वतः करावा, एवढ्या साध्या विचारातून पुढचं सगळं घडलं, हे मी आधीच सांगून ठेवतो. मी कोणाचीही मदत मागितली नव्हती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं 'स्वयंअध्ययन' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली दोन रेघाही मारलेल्या आहेत. कोणाला खोटं वाटत असेल तर वही अजून माझ्याजवळ आहे.

मी पुसेरटोल्याच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. पुसेरटोला म्हणजे गडचिरोलीच्या जंगलात, डांबरी रस्ता संपतो तिथून अकरा किलोमीटर आत. वय अडतीस. या वयात मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवली. का, असं लोक विचारतात तेव्हा मी 'उच्च शिक्षणाची आवड' असं उत्तर देतो. खरं कारण वेगळं आहे. अकरा वर्षं मी न्यूटनचा पहिला नियम एकाच वाक्यात शिकवत आलो. एक दिवस ते वाक्य फळ्यावर लिहिताना मला जाणवलं की माझं डोकं चालू नसलं तरी हात ते बिनचूक लिहितो आहे. बी.एस्सी.ला मला गुण चांगले होते. समज नक्की कोणत्या वर्षी आली होती, ते मात्र आठवेना. मला स्वतःची लाज वाटली, एवढंच.

माझी बायको नीलिमा चंद्रपूरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी शनिवारी घरी जातो आणि सोमवारी पहाटेची गाडी धरतो. तिनं माझा सगळा विचार शांतपणे ऐकून घेतला आणि शेवटी एकच अट घातली.

"एक डाव," ती म्हणाली. "फेब्रुवारीत पेपर द्या. झालं तर झालं. नाई झालं तर दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज भराचा, चंद्रपूरले याचं, अन् या घरात इलेक्ट्रॉनचं नाव काढाचं नाई. आहे कबूल?"

मी कबूल म्हटलं. ऑगस्ट चालू होता आणि फेब्रुवारी फार लांब दिसत होता.

चंद्रपूरला समोरच्या घरातल्या लटारूभाऊंनी कुंपणापलीकडून चौकशी केली. "पास झाल्यावर मोठे साहेब होता का?"

"नाही. विद्यार्थी होतो."

"अन् आत्ता काय आहा?"

"शिक्षक."

लटारूभाऊंनी बोटांवर हिशेब केला. "मंग हे उलटं नाई झालं का?" ते म्हणाले. पुढच्या आठ दिवसांत गल्लीत अशी बातमी झाली की मला नोकरीत काहीतरी शिक्षा झाली असून परत वर्गात बसवणार आहेत. दोन बायका नीलिमाला धीर देऊन गेल्या.

सासरे गुणवंतराव घुग्घुसला असतात. कोळशाच्या खाणीत चौतीस वर्षं काढल्यामुळे जे काम पाळीत होत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी मला घरी बोलावून कागदावर तीन पाळ्या आखून दिल्या. पहिल्या पाळीत यांत्रिकी, दुसऱ्या पाळीत विद्युत, तिसऱ्या पाळीत उष्णता. प्रत्येक पाळी संपताना पुढच्या पाळीच्या माणसासाठी लेखी नोंद ठेवायची. पुढच्या पाळीचा माणूसही मीच आहे, हे मी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं. "तरीबी लिवून ठेवाचं, जावईबापू," ते म्हणाले. "माणसावर भरवसा ठेवून खान चालत नसते." मी चार दिवस तसं केलं. पाचव्या दिवशी माझ्याच हातून नोंदवहीत अशी तक्रार लिहिली गेली, की आधीच्या पाळीचा माणूस काम अर्धवट टाकून जातो आणि नंतर झोपतो. तेव्हा मी ती पद्धत बंद केली.

इथपर्यंत सगळं घरगुती होतं. खरा घोळ नाहरकत प्रमाणपत्रापासून सुरू झाला.

सरकारी नोकराला परीक्षेला बसायचं तर कार्यालयाची हरकत नाही असं लेखी लागतं. आमच्या तालुक्याच्या कार्यालयात हे काम धनराजबाबूंकडे आहे. धनराजबाबू हे सज्जन गृहस्थ आहेत. ते कोणालाही नाही म्हणत नाहीत, फक्त आणखी एक कागद सांगतात. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"गावाचा ठराव कुठी आहे?"

"गावाचा काय संबंध?"

"तुमच्या आधीचे गुरुजी असेच परीक्षेले जातो म्हणून गेले," धनराजबाबू म्हणाले, "अन् वडशाले कपड्याचं दुकान टाकून बसले. सात महिने शाळेत मास्तर नाई. ग्रामसभेनं वरपर्यंत तक्रार केली. तवापासून साहेबाईनं सांगतलं, पुसेरटोल्याचा कोणताबी कागद ग्रामसभेच्या ठरावाबिगर घ्याचा नाई. दोन ओळी लिवून आना. किती वेळ लागते?"

मलाही तेच वाटलं. दोन ओळींना किती वेळ लागणार?

ही माझी चूक, आणि ती अकरा वर्षं त्या गावात राहिलेल्या माणसानं करायला नको होती. पुसेरटोल्यात मतदान होत नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या मांडवात, सगळे बसतात, एकेक जण आपल्या तोंडानं 'मान्य' म्हणतो, आणि एक जरी माणूस 'मले समजलं नाई' म्हणाला तरी विषय तिथंच थांबतो. मग त्या विषयाचा अभ्यास गट बसतो. बांबू कोणी तोडायचा, तळ्यातले मासे कधी काढायचे, सगळं याच पद्धतीनं ठरतं. बांबूच्या विषयावर अभ्यास गट दीड वर्ष चालला होता आणि त्याचं कौतुक मीच एकदा स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात केलं होतं.

सभेच्या अध्यक्ष सोमारीबाई उसेंडी. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत गप्प राहायची अशी सवय, की बोलणाराच शेवटी घाबरतो. मी उभा राहून विषय मांडला. भौतिकशास्त्राची परीक्षा आहे, मला बसायचं आहे, गावाची हरकत नाही असं लिहून पाहिजे.

"हरकत नाई म्हणाले काही जात नाई," सोमारीबाई म्हणाल्या. "पन काहाले नाई, हे तर समजलं पायजे. हे भौतिक म्हणजे काय?"

"म्हणजे… वस्तू कशा चालतात, का पडतात, उजेड, उष्णता, वीज…"

"मंग सांगा ना."

"काय सांगू?"

"तेच. कसं चालते ते. जे मालूम नाई त्याले आमी हरकत नाई कसं म्हणावं?"

मागून पोचू आजाचा आवाज आला. पोचू हलामी हा गावातला सर्वात म्हातारा माणूस. त्याला कमी दिसतं, पण वाद ऐकू येतो. "अभ्यास गट बसवा," तो म्हणाला. सगळ्यांनी मान्य म्हटलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी शाळा सुटल्यावर. लिहायचं काम लोकेश नरोटेकडे आलं. लोकेश सभेचा सचिव, तिशीचा, बारावी पास, अक्षर सुंदर. त्यानं नवीन रजिस्टर काढलं आणि वर लिहिलं, 'भौतिकशास्त्र अभ्यास गट'. माझ्या वहीवरच्या 'स्वयंअध्ययन' या शब्दाची त्या दिवसापासून अब्रू गेली.

पहिल्या मंगळवारी मी तयारीनिशी गेलो. कोणतंही बाहेरचं बल लागलं नाही तर चालणारी वस्तू चालतच राहते. मी हे वाक्य अकरा वर्षांच्या सरावानं म्हटलं.

"खोटं आहे," पोचू आजा म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"बंडीचे बैल सोडले का बंडी थांबते. लोटणं सोडलं का दगड थांबते. चालत राह्यलेली वस्तू कोनं पायली?"

मी घर्षण समजावलं. जमीन वस्तूला अडवते, म्हणून ती थांबते. जिथं काहीच अडवत नाही तिथं ती थांबणार नाही. आजानं शांतपणे विचारलं, ती जागा कुठी आहे. मी म्हटलं, तशी जागा इथं नाही. आजा म्हणाला, मग नियम पण तिथंच राहू द्या, आपल्या गावात कशाला आणता? गोटुलात सगळे हसले. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मला याचं उत्तर येत नाही. पाठ्यपुस्तकात पोचू आजा नसतो.

त्या आठवड्यात मी परीक्षेचं एकही पान वाचलं नाही. शुक्रवारी मी सागाची लांब फळी आणली. तिच्यावरून लाकडी ठोकळा ढकलला, तो हातभर जाऊन थांबला. मग फळी घासून गुळगुळीत केली, ठोकळा दोन हात गेला. मग सोमारीबाईंनी घरून टोरीचं तेल मागवलं. मोहाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे भाजीलाही चालतं आणि अंगालाही. फळीवर तेल ओतलं. ठोकळा फळी ओलांडून, गोटुलाचा ओटा ओलांडून थेट बाहेर बसलेल्या कोंबडीवर गेला. कोंबडी वाचली. पोचू आजानं तेलकट फळीवर हात फिरवला आणि ठोकळा मागवून स्वतः ढकलून पाहिला.

"जितकं अडवनं कमी, तितका लांब जाते," तो शेवटी म्हणाला. "अडवनं पुराच गेलं तर थांबाचं त्याले कारनच नाई रायत. असं म्हनता का तुमी?"

असंच म्हणत होतो. पण अकरा वर्षांत मी ते इतक्या सरळ कधी म्हटलं नव्हतं. लोकेशनं नोंद केली: 'ठराव क्रमांक १. न्यूटनचा पहिला नियम सर्वानुमते मंजूर. तूर्त टोरीच्या तेलापुरता.'

गुणवंतरावांचा फोन येई. गावात नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर येतं, म्हणून मी तिथं उभा राहून बोलत असे. "किती टक्के अभ्यासक्रम झाला, जावईबापू?"

"एक नियम."

"तीन आठवड्यात?"

"मंजूर झाला आहे पण."

त्यांनी फोन ठेवला. लगेच नीलिमाला लावला की काय, अशी शंका मला आली.

नोव्हेंबरात धान कापणीला आलं आणि अभ्यास गट तीन आठवडे बंद राहिला. मला वाटलं, आता एकट्यानं अभ्यास करू. मी दोन जाड पुस्तकं नागपूरहून आणली होती. त्यातल्या एकाची उत्तरांची पानं आधीच्या मालकानं फाडून नेली होती, त्यामुळे माझी सगळी उत्तरं बरोबर येत होती. पण एक विचित्र गोष्ट होऊ लागली. कोणतंही वाक्य वाचलं की डोक्यात पोचू आजा 'खोटं आहे' म्हणे, आणि मी पान उलटू शकत नसे. परीक्षेच्या दृष्टीनं ही फार वाईट सवय आहे.

डिसेंबरात गट पुन्हा बसला. प्रकाशाच्या वक्रीभवनासाठी मी दोन दिवस खपून मोठी आकृती काढली होती. पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते, एवढं वाक्य मी म्हटलं, आणि लोकेश म्हणाला, "हो. म्हणून मासोळीले बाण मारताना दिसते त्याच्या खालतं धरा लागते. हे लेकराइलेबी मालूम आहे." चार मिनिटांत विषय मंजूर झाला. आकृती कोणी पाहिलीही नाही. सोमारीबाईंनी मात्र काळजीनं विचारलं, "गुरुजी, एवढ्यासाठी तुमी नागपूरवरून पुस्तक आनलं का?"

माझा अपमान कोणीच करत नव्हतं, हे मला अधिक लागत असे. त्या लोकांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग ठराव क्रमांक ३ आला, आणि पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. लोकेशच्या मोबाइलवर मी एक गंमत दाखवली. एक चेंडू वर फेकला, त्याचा व्हिडिओ काढला आणि उलटा चालवून दाखवला. कोणता सरळ आणि कोणता उलटा, हे कोणालाही ओळखता येईना. मी ऐटीत सांगितलं की निसर्गाचे हे नियम काळाच्या दोन्ही दिशांनी सारखेच चालतात, पुढं काय अन् मागं काय, त्यांना फरक नाही. सर्वांनी चारचारदा पाहिलं. पोचू आजानं डोळ्याजवळ मोबाइल धरून पाहिलं. मंजूर.

जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी मी उष्णतेकडे वळलो. एन्ट्रॉपीसाठी मी मातीचं मडकं आणलं आणि गोटुलाच्या दारात फोडलं. त्याचा व्हिडिओ उलटा चालवला. खापऱ्या उडून एकत्र आल्या आणि मडकं झालं. सगळं गोटुल हसलं. हे उलटं आहे, हे सांगायची गरजच नव्हती. मी म्हटलं, पाहा, हा नियम. गोष्टी आपोआप विस्कटतात, आपोआप नीट होत नाहीत. पसारा वाढतो. सोमारीबाई म्हणाल्या की हा नियम बायकांना सांगायची गरज नाही. ठराव क्रमांक ६, मंजूर. लोकेशनं लिहूनही टाकला.

मी पुस्तक बंद करत होतो, तेवढ्यात पोचू आजा म्हणाला, "थांबा."

आम्ही थांबलो.

"ही एक खापरी," त्यानं जमिनीवरचा तुकडा उचलला. "ही एकटी उडाली तर त्या चेंडूसारखीच ना? उलटी चालली तरी नियमात बसते ना?"

"बसते."

"ही दुसरी?"

"तीपण बसते."

"सगळ्याच्या सगळ्या एकेकीनं बसते. ठराव तीन. मंग सगळ्या मिळून उलट्या चालल्या तर कोनाच्या बापाची मनाई आहे? अन् ठराव सहा म्हनते का तसं होत नाई. दोन्ही ठराव आपनच मंजूर केले, गुरुजी. खोडाचा कोनता?"

मी तोंड उघडलं. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. तसं होण्याची शक्यता फार म्हणजे फार कमी असते. मी ते म्हटलं.

"कमी म्हनजे होते," आजा म्हणाला. "ठरावात 'होत नाई' लिवलं आहे. 'कमी होते' असं नाई लिवलं. अन् कमी काऊन? कोनं कमी केलं? तीन नंबरचे नियम तर दोन्हीकडं सारखेच होते. मंग ही एक बाजू आली कुठून?"

मी त्या रात्री जेवलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, मी जेवलो. पण नीट झोप लागली नाही. दोन्ही पुस्तकं उघडून पाहिली. दोन्हींत तो प्रश्न एका परिच्छेदात येऊन निघून गेला होता, आणि बी.एस्सी.ला मी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलनं 'महत्त्वाचे नाही' असं लिहिल्याचं मला आठवलं.

परीक्षा नऊ दिवसांवर आली तेव्हा सोमारीबाईंनी अखेरची सभा बोलावली. धनराजबाबूंचा निरोप होता की सोमवारपर्यंत कागद आला नाही तर अर्ज दप्तरी दाखल होईल, आणि दप्तरी दाखल झालेलं त्या कार्यालयात पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. मी सदरा इस्त्री करून गेलो. माझं सगळं या एका दुपारवर टांगलेलं होतं. नीलिमानं दिलेला एकच डाव होता, आणि तो खेळायच्या आधीच संपतो की काय असं वाटत होतं.

पण सभा अनपेक्षित सरळ निघाली. विषय असा होता: आपण अभ्यास केला, हे काय आहे ते समजलं, म्हणून हरकत नाही. एकेक जण बोलू लागला. "समजलं, मान्य." "मले अर्धं समजलं, पन काय आहे ते समजलं. मान्य." मग पोचू आजाची पाळी आली. आजा म्हणाला, "खोडाचा कोनता ते रायलं. पन काय समजलं नाई ते मले बराबर समजलं. मान्य."

मी उठू लागलो.

"गुरुजी," सोमारीबाई म्हणाल्या. "तुमचं रायलं."

"माझं कसं? मी तर अर्जदार."

"तुमी गावात रायता ना? गोटुलात बसले ना? बसला तो बोलते. तुमाले समजलं का?"

एक शब्द म्हणायचा होता. समोर लोकेश पेन धरून बसला होता. मला धनराजबाबू दिसले, नीलिमा दिसली, बदलीचा अर्ज दिसला. त्या गोटुलात मला खोटं पाडू शकेल असं कोणीही नव्हतं. आणि नेमकं त्यामुळेच की काय, माझ्या तोंडून ते निघेना.

"नाही," मी म्हटलं. "मला समजलं नाही."

इतकी शांतता मी माझ्या वर्गात अकरा वर्षांत मिळवू शकलो नव्हतो.

"मले सप्टेंबरपासून वाटतच होतं," पोचू आजा म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट एक प्रकारचं समाधान होतं.

नाहरकतीचा ठराव पडला. एकाला समजलं नाही, म्हणजे विषय थांबला. मी मान खाली घालून बसलो. परीक्षा गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला रडू येत होतं, हेही सांगून टाकतो. मग ती मंडळी गोंडीत आपापसात बोलू लागली. मला गोंडी बाजारापुरती येते. वीसेक मिनिटं बोलणं चाललं. शेवटी लोकेशनं नवीन पान काढलं, लिहिलं, आणि उभं राहून वाचलं:

'ठराव क्रमांक ७. विषय: श्री. निकुरे गुरुजी यांस परीक्षेस बसण्यास नाहरकत देणे. सदर गुरुजींना भौतिकशास्त्र समजलेले नाही, असे त्यांनी स्वतः सभेपुढे सांगितले असून त्याबाबत सभेचे एकमत आहे. ज्याला समजले नाही त्याने शिकण्यास जाणे योग्य असल्याने सभेची हरकत नाही. ठराव ३ व ठराव ६ पैकी कोणता खोडावा, हे गुरुजींनी शिकून येऊन सभेस कळवावे. तोपर्यंत दोन्ही ठराव कायम. सर्वानुमते मंजूर.'

या वेळी मीही मान्य म्हटलं. दुसरा इलाज नव्हता.

धनराजबाबूंनी तो कागद तीन वेळा वाचला. मग चष्मा काढला. "तुमी विज्ञानाचेच शिक्षक ना?"

"हो."

"याची एक प्रत तुमच्या सेवापुस्तकात लावा लागन. गावाच्या शिक्क्याचा कागद आहे, मले टाकून देता येत नाई." त्यांनी तो लावला. मी निवृत्त होईन तेव्हा माझ्या सगळ्या सेवेबद्दल शासनाच्या दप्तरात एवढं एक स्पष्ट मत असेल. नाहरकत मात्र त्यांनी त्याच दिवशी दिली. कागद पूर्ण होते.

लोकेशनं ठरावाचा फोटो मला पाठवला, मी तो नीलिमाला पाठवला, आणि अर्ध्या तासात घुग्घुसहून फोन आला. "लेखी आलं हे बरं झालं," गुणवंतराव म्हणाले. "मी लग्नातच म्हनलं होतं, पन तोंडी बोलण्याले कोनी ऐकत नाई."

परीक्षा नागपूरला होती. फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं मला अत्यंत आदरानं बाजूला घेतलं आणि पालकांनी झाडाखाली थांबावं असं सांगितलं. ओळखपत्र दाखवल्यावर त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. आत सगळी पोरं विशीतली. तीन तासांच्या पेपरात मला बरेच प्रश्न सोडून द्यावे लागले, कारण आमच्या गटात ते विषय आलेच नव्हते. पण जे आले होते ते सुटले. पाण्याच्या टाकीच्या तळाशी पडलेल्या नाण्याचा प्रश्न वाचून मी एकटाच हसलो आणि पर्यवेक्षक माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

मार्चमध्ये निकाल लागला. यादीच्या शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर माझं नाव होतं. प्रवेशाच्या तीन फेऱ्या झाल्या, वरची मुलं दुसरीकडे गेली, आणि जूनमध्ये दक्षिणेकडच्या एका संस्थेत मला जागा मिळाली. नीलिमाला फोन केला तेव्हा तिनं संस्थेचं नाव दोनदा विचारून घेतलं. नापास झालो तर काय करायचं, याची तिनं कलमवार तयारी ठेवली होती. पास झालो तर काय, याची अट घालायची राहून गेली होती.

"जा मंग," ती शेवटी म्हणाली. "गावानं काम सांगतलं आहे तुमाले."

आता मी अभ्यास रजेवर आहे आणि वसतिगृहात राहतो. खोलीतला मुलगा एकवीस वर्षांचा आहे. पहिले दोन दिवस त्यानं मला सर म्हटलं, आता काका म्हणतो आणि माझ्या बादलीत कपडे भिजवतो. गेल्या महिन्यात सांख्यिकी भौतिकीच्या तासाला एक वयस्कर प्राध्यापक एन्ट्रॉपी शिकवत होते. मी हात वर केला. खापरी, चेंडू, तीन नंबर, सहा नंबर, सगळं जसं ऐकलं होतं तसं विचारलं. त्यांनी शक्यतेचं उत्तर दिलं. मी म्हटलं, कमी म्हणजे होते, आणि कमी का, कोणी केलं? नियम तर दोन्हीकडे सारखेच होते.

प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी विद्यार्थी होतो तेव्हा मला हे विचारायचं होतं," ते म्हणाले. "भीती वाटली, विचारलं नाही. शिकवायला लागलो तेव्हापासून मला कोणी विचारलं नाही. खरं सांगतो, मला हे पूर्ण समजलेलं नाही."

तास संपेपर्यंत मी काहीच लिहून घेतलं नाही. मला फार हलकं वाटत होतं. इतकी वर्षं मला वाटे की मी एकटाच मागच्या बाकावर राहिलो आहे.

मंगळवारी दुपारी, आधी ठरल्या वेळेला, मी लोकेशला फोन लावला. गटाचा दिवस होता, म्हणून तो सगळ्यांना घेऊन तळ्याच्या पाळीवर थांबला होता. त्यानं मोबाइलचा आवाज मोठा केला. कोणता ठराव खोडायचा ते अजून कळलेलं नाही, हे मी सांगितलं. इथले सर्वात मोठे गुरुजी म्हणतात की त्यांनाही समजलं नाही, हेही सांगितलं. पलीकडे गोंडीत बोलणं सुरू झालं. मधेच पोचू आजाचा आवाज चढलेला ऐकू आला. मी वाट पाहत राहिलो. कोणीतरी खाकरलं आणि सोमारीबाई फोनजवळ आल्या.

"मंग त्याइलेबी घेऊन या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आमी मंगळवारी बसतोच."